कोंडीरामनं न लावलेली जोडी

देवळाली प्रवरेत कोंडीराम एखाद्याच्या दारात येऊन "वाईच पानी द्या" म्हणाला, की आतल्या घरात भांडी पडायची. कारण त्याला तहान लागलेली नसायची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पाणी कोण आणतं, पेल्यात बोट बुडतं का, आणणारी पोरगी मान वर करून "घ्या काका" म्हणते की बापाच्या तोंडाकडं बघत उभी राहते, हे तो बघायचा. मुलाच्या घरी मात्र मुलालाच पाणी आणायला लावायचा.

"घरातला माठ कुठं हाय हे ज्याला म्हाईत न्हाई, त्याला बायको कशाला पायजे?" असं तो त्या मुलाच्या आईसमोर म्हणायचा आणि वर चहा पिऊन यायचा.

आम्ही दोघांनी साखर कारखान्यात एकतीस वर्षं काढली. मी वजनकाट्यावर, तो स्टोअरला. स्टोअरात माणूस नट घेऊन यायचा आणि त्याला बसेल असा बोल्ट कोंडीराम काढून द्यायचा. नुसता बोटांनी चाचपून सांगायचा, आटे जुळतात की नाही. रिटायर झाल्यावर हाताला चाळा नको का? त्यानं वधू-वरांची वही घातली. म्हणजे आधी नट-बोल्ट जमवायचा, आता माणसं.

पत्रिका-बित्रिका आमच्यात बघत नाहीत. त्यामुळं कोंडीरामच्या वहीत रास, नाडी, गण असलं काही नव्हतं. नाव, गाव, शिक्षण, उंची, पाणी आणि शेरा, एवढेच रकाने. त्यात खरी मजा शेऱ्याची. मला काही अजून पाठ आहेत. "मुलगा शांत. इतका, की झोपला आहे का ते बघावं लागलं." "मुलगी उत्तर देते. सासू खमकी बघणे." "वडील फार बोलतात. वडिलांना बैलाला पाणी पाजायला पाठवून मुलगा पुन्हा बघणे."

आणि त्याचा एक नेम होता. दोन्ही घरांचं जमलं, साखरपुड्याची तारीख निघाली, तरी हा आधी मुलाला आणि मग मुलीला वेगवेगळं कोपऱ्यात घ्यायचा. गोठ्यामागं म्हणा, लिंबाखाली म्हणा. "तुझं मन हाय का? व्हय म्हन, न्हाईतर न्हाई म्हन. कुनाला कळनार न्हाई." समोरचं माणूस नाही म्हणालं, तर कोंडीराम बाहेर येऊन सगळ्यांसमोर कपाळावर हात मारायचा. "माझ्या वहीत घोळ झाला. वय चुकलं माझं." नेवाशाला एकदा हॉलला मांडव पडला होता, आचारी बुंदी पाडत होता, आणि ह्यानं वय चुकवलं! दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून त्याला स्टँडपर्यंत शिव्या घातल्या. मी बरोबर होतो, माझ्याही वाट्याला चार आल्या. ती पोरगी पुढं नर्स झाली. दरवर्षी कोंडीरामचं बीपी फुकट तपासते आणि दरवर्षी ते वाढलेलं निघतं.

असं करत करत सहाशे बारा नावं झाली. मग वाळवी लागली. खालच्या दोन वह्यांतले राहुरी तालुक्यातले मुलगे वाळवीनं खायला घेतले. तेव्हा त्याची भाची जयमाला पुढं आली. ही त्याच्या बहिणीची मुलगी. वडील लवकर गेले, म्हणून मामाकडंच वाढली. बीकॉम झालेली, श्रीरामपूरला कंप्युटरचा कोर्स केलेला. तिनं जुना कंप्युटर घरी आणला आणि दोन वर्षं रोज संध्याकाळी बसून सगळी वही त्यात टाइप केली. शेरे जसेच्या तसे. मामा सांगायचा, ती हसत हसत टाइप करायची, आणि मामी, म्हणजे चांगुणाबाई, चुलीपासून ओरडायची, "लोकांस्नी नावं ठिवनं झालं आसंल तर जेवायला या!"

टाइप करून झालं त्या दिवशी कोंडीराम इतका खूश झाला, की त्यानं सगळ्या वह्या भेळवाल्याला देऊन टाकल्या. "आता कंप्युटरात हायत ना!" त्या रविवारच्या बाजारात एका गृहस्थानं भेळ खाल्ली आणि पुडी उलगडली, तर आत त्याच्याच मुलाची माहिती. शेरा : "आळशी, पण मनानं चांगला." गृहस्थ पुडी घेऊन भांडायला आले. कोंडीराम त्यांना म्हणाला, "मनानं चांगला लिवलंय, ते वाचा की."

जयमालानं सावधगिरी म्हणून सगळं फ्लॉप्यांवरही काढून ठेवलं होतं. त्या फ्लॉप्या चांगुणाबाईनं उन्हात पापड वाळत घातले तेव्हा धोतराच्या चार कोपऱ्यांवर ठेवल्या, धोतर वाऱ्यानं उडू नये म्हणून. संध्याकाळी पापड छान कडकडीत झाले होते. फ्लॉप्याही त्यांच्याच आकाराच्या झाल्या होत्या.

म्हणजे सहाशे बारा पोरापोरींची हकिगत जगात एकाच ठिकाणी उरली होती. कंप्युटरच्या पोटात, हार्ड डिस्कवर.

नव्व्याण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. दोन हजार साल लागलं की जगातले सगळे कंप्युटर बंद पडणार, असं पेपरात रोज यायचं. कोंडीरामच्या कंप्युटरनं तेवढाही दम काढला नाही. गुरुवारी लाईट गेली आणि परत आली ती दुप्पट जोरानं. कारखान्याच्या कॉलनीत तीन पंखे, एक मिक्सर आणि कोंडीरामचा कंप्युटर जळाला. आणि रविवारी विहारात वधू-वर मेळावा ठरलेला! नेवासा, श्रीगोंदा, राहुरी मिळून सदतीस घरं येणार होती.

शनिवारी सकाळी नगरहून प्रवीण आला. कंप्युटर दुरुस्त करणारा, सत्तावीस-अठ्ठावीसचा, सडपातळ, बोलायला मऊ. त्यानं पेटी उघडून बघितली.

"मामा, मदरबोर्ड गेलाय. पण हार्ड डिस्क वाचली असेल असं वाटतंय."

"वाटतंय? वाटतंय म्हंजी काय? सहाशे बारा मानसं हायत आत!"

प्रवीणनं दुसरा बोर्ड आणला होता. एका मोठ्या ऑफिसातून निघालेला, भारीतला. त्याला डिस्क जोडायची चार तोंडं होती. पण नेहमीच्या दोन तोंडांतल्या एकाच्या पिना मोडलेल्या, आणि दुसरं सीडी ड्राइव्हला लागणार होतं. राहिली कडेची दोन.

"ही दोन खास आहेत," प्रवीण म्हणाला. "इथं दोन डिस्का लावल्या की हा बोर्ड त्यांची जोडी लावतो. एकीवर लिहिलं की दुसरीवर तेच आपोआप लिहिलं जातं. आरशासारखं. उद्या एक गेली तरी दुसरी सगळं सांभाळते. ह्याला रेड म्हणतात."

कोंडीरामचा चेहरा त्या वेळी मी बघितला. आयुष्यभर एकट्यानं भजन म्हणणाऱ्याला अचानक मृदंगवाला भेटावा, तसा झाला होता.

"जोडी लावतो? हा पत्रा?"

"हो. पण आपल्याला ते नको आहे. आपण नुसतं तोंड वापरायचं."

"का नगं? तू दुसरी डिस्क आनलीयस की."

"आणलीय, जागा वाढावी म्हणून. जोडी नको, मामा."

प्रवीणला कामाची घाई होती, त्यानं कारण सांगितलं नाही. आणि कोंडीराम दुसऱ्याच तारेत होता. सकाळपासून त्यानं प्रवीणला तीनदा पाणी पाजलं होतं, तिन्ही वेळा जयमालाच्या हातून. चौथ्यांदा तो प्रवीणला म्हणाला, "आता मला दे बरं पानी." प्रवीण उठला, सरळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेला, माठ शोधला, पेला विसळून पाणी घेऊन आला. कोंडीरामनं माझ्याकडं बघून एक डोळा मिटला. हे जयमालानं बघितलं. दारातली चप्पल तिनं अशी घातली की आवाज झाला. ती विहारात सतरंज्या अंथरायला निघून गेली.

प्रवीणनं जुनी डिस्क एका खास तोंडाला लावली, नवी दुसऱ्याला, आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली. जोडी ठरलेली नाही, अशा अर्थाचं काहीतरी होतं. मग खाली आलं, की चालू करायला डिस्कच सापडत नाही.

"असं का?" प्रवीणनं डोकं खाजवलं. "थांबा, दुकानात साहेबांना फोन करून येतो. स्टँडवर एसटीडी आहे ना? मामा, कशाला हात लावू नका."

"हात कशाला लावतोय?" कोंडीराम म्हणाला. आणि प्रवीण कोपऱ्यावर वळला तसा त्यानं बोट लावलं.

"कोंड्या, तो काय म्हनला?"

"भिमा, तुला कळत न्हाई. ती दोघं शेजारी शेजारी बसलेत, जोडी लावनारा पत्रा मधी बसलाय, आन पाटी काय येतीय? जोडी ठरलेली न्हाई! म्हनूनच आडलंय त्ये. मधला मानूस काहीच बोलंना झाल्यावर गाडी म्होरं कशी जाईल? नट-बोल्टापास्नं मानसांपर्यंत मी चाळीस वर्सं हेच करतोय."

पडद्यावर लिहिलं होतं की अमुक दोन बटणं एकदम दाबा. त्यानं पेटी बंद करून पुन्हा चालू केली आणि ती दाबली. निळा पडदा आला, त्यात यादी. आमचं दोघांचं इंग्रजी सातवीपर्यंतचं. मी माझ्या इंग्रजीचा पुढं काही उपयोग केला नाही. त्यानं स्टोअरात केला. 'मिरर' शब्द त्याला आला. कारखान्याच्या ट्रकांचे आरसे त्याच्याच स्टोअरातून जायचे. त्यानं तो निवडला. दोन्ही डिस्कांची नावं एकाखाली एक आली, नोटीस बोर्डावर लावल्यासारखी. मग एक तांबडी लांबलचक ओळ. आणि शेवटी प्रश्न : वाय की एन?

"यस का नो!" कोंडीराम हरखला. "भिमा, बघ, ह्यो पत्राबी विचारतोय! माझा नेम त्याला कुनी सांगितला?"

"वरची तांबडी ओळ काय हाय?"

"ऑल... डेटा... म्हंजी सगळी माहिती. विल बी... होईल. आन काहीतरी लांब हाय. आसला नग आपल्या स्टोअरला कधी आला न्हाई."

त्याचं बोट वायवर गेलं. मी खुर्चीच्या कडेला आलो. बोट तिथंच थांबलं.

"पर मी विचारलं कुठं?" तो स्वतःशीच म्हणाला.

"कुनाला?"

"आरं, दोघांना. जुनी डिस्क जयमालाची. दोन वर्सं तिनं त्यावर टाइप केलं. म्हंजी ती मुलीकडची झाली. नवी प्रवीणनं आनली, तो मुलाकडचा. दोनीकडच्यांना विचारल्याबिगर मी आजवर कुनाची गाठ बांधली न्हाई. ह्यांची कशी बांधू?"

मी हसलो. त्याला राग आला. "हसू नगंस. नेम म्हंजी नेम. मुलीकडं आधी विचारतो. तू हितं बस. बटनाला वारासुद्दा लागू दिऊ नगंस." आणि टोपी डोक्यावर नीट बसवून तो विहाराकडं निघाला, स्थळ घेऊन निघाल्यासारखा.

मी एकटा. समोर तो प्रश्न लुकलुकतोय. वाय की एन. एवढ्यात चांगुणाबाईची तांबडी कोंबडी दारातून आत आली. ही कोंबडी घरची मालकीण असल्यासारखी वागायची. आधी स्टुलावर चढली. मी हळूच म्हटलं, "हुश." तिनं माझ्याकडं एका डोळ्यानं बघितलं आणि टेबलावर उडी मारली. वजनकाट्यावर सोळा सोळा टनांचे ट्रक मी नुसत्या हातानं थांबवलेत, पण ती काही थांबेना. बटणांपासून चार बोटांवर तिचा पाय होता. मी झेप घेतली, कोंबडी छातीशी धरली आणि खुर्चीसकट मागं पडलो.

"आगं बया!" चांगुणाबाई आतून धावत आली. "भावजी, माझी कोंबडी कुठं घिऊन निघालात?"

"कुठं न्हाई, वैनी. तिला धरून ठिवलंय."

"कशापायी?"

ते काय सांगणार? तसाच कोंबडी कवटाळून जमिनीवर बसलो, तोवर जयमाला आली. पुढं ती धावत, मागं कोंडीराम टोपी सावरत. ती पडद्यासमोर उभी राहिली, तांबडी ओळ वाचली आणि तिचा हात तोंडावर गेला. मग तिनं एक बोट पुढं करून एन दाबलं. अगदी हळू, विंचवावर वाटी झाकावी तसं.

"मामा, ही ओळ वाचली होती तुम्ही?"

"वाचली की. एक शब्द सोडून."

"त्या शब्दाचा अर्थ नष्ट होईल असा आहे. जोडी लावायची तर हा बोर्ड आधी दोन्ही डिस्का धुऊन काढतो. कोऱ्या. मगच संसार सुरू."

कोंडीराम जमिनीवर माझ्याशेजारी बसला. त्याचे ओठ हलत होते. मला वाटतं तो नावं आठवून बघत होता, किती आठवतात. पंधरा-वीसच्या पुढं गाडी जाईना. डोळ्यांत पाणी आलं, तसं त्यानं टोपीनं तोंड पुसलं.

"सहाशे बारा," तो म्हणाला. "एका बोटानं."

"पण दाबलं नाही ना? मला विचारायला आलात ना? आला नसतात तर संपलं होतं." जयमालाचा आवाज मऊ झाला होता. मग तिनं कंबरेवर हात ठेवले. "पण मामा, एक सांगा. डिस्कसाठी उन्हात विहारापर्यंत विचारायला आलात. सकाळपासून त्या प्रवीणला माझ्या हातून तीन पेले पाणी पाजलंत, तेव्हा मला विचारलंत का?"

चांगुणाबाईनं पदर तोंडाला लावला. कोंबडीसुद्धा माझ्या हातातून मान वर काढून बघायला लागली.

  कोंडीरामनं जमिनीवरची काडी इकडून तिकडं केली.

"भाचीला काय विचारायचं, आसं वाटलं बघ," तो शेवटी म्हणाला. "घरचीच म्हनून राहून गेलं."

"मग आता विचारा."

तो उठला. खरंच उठला! तिला घेऊन मागल्या अंगणात गेला, शेवग्याखाली. आम्हाला काही ऐकू आलं नाही. चांगुणाबाईनं खिडकीशी कान लावून बघितला, तिलाही नाही. आत आले तेव्हा कोंडीराम इतकंच म्हणाला, "माझ्या वहीत घोळ झाला. वय चुकलं माझं."

मला हसू आवरेना. जयमालाही हसली. तिला गावात कंप्युटरचा क्लास काढायचा होता, लग्नाचं त्यानंतर बघू, एवढंच तिचं म्हणणं होतं. हे ती वर्षभर मामीला सांगत होती, आणि मामी ते मामाला सांगायला घाबरत होती.

तेवढ्यात प्रवीण आला, घामाघूम, पण खुशीत. "साहेब म्हणाले, जोडी लावूच नका. ती पाटी येऊ द्या, तिच्याकडं लक्ष देऊ नका. फक्त बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये सांगायचं, की सुरुवात ह्या कडेच्या तोंडावरच्या डिस्कपासून कर. जोडी नसली की हा बोर्ड दोघींना आपापलं काम करू देतो." मग त्याला आमचे चेहरे दिसले. "काय झालं? काका, कोंबडी का धरलीय?"

मी कोंबडी चांगुणाबाईकडं दिली. त्यानं सेटिंग केलं. काळा पडदा आला, जोडी ठरलेली नाही असं म्हणाला, आणि पुढं गेला! जयमालानं फाईल उघडली. पहिलं नाव आलं, त्यापुढं शेरा : "मुलगा शांत." कोंडीरामनं पडद्याला हात लावून बघितला. मग जयमालानं सगळी फाईल नव्या डिस्कवरही उतरवून ठेवली, स्वतःच्या हातानं, पाच मिनिटांत.

"म्हंजी जोडी न लावताबी एकमेकींचं सांभाळत्यात की," कोंडीराम म्हणाला.

"रोज कुणीतरी उतरवून ठेवावं लागेल एवढंच," प्रवीण म्हणाला. निघताना तो दारात घुटमळला. "मामा, जरा कोपऱ्यात येता का?"

कोंडीराम चमकला. पहिल्यांदाच कुणी त्याला कोपऱ्यात नेत होतं. श्रीगोंद्याला प्रवीणची एक मैत्रीण होती, दोघांचं मन होतं, पण तिचे वडील ऐकत नव्हते. कुणीतरी मधला माणूस पाहिजे होता. कोंडीराम परत आला तो दहा वर्षांनी लहान होऊन. "भिमा, सोमवारी श्रीगोंद्याची गाडी किती वाजता? त्या गृहस्थाकडं पानी प्यायचंय."

मेळावा झाला. सदतीस घरं आली, पाटीवर पाटी पुऱ्या संपल्या. प्रवीणचंही उन्हाळ्यात झालं. मुलीच्या बापानं पाणी स्वतः आणून दिलं, तिथंच कोंडीरामनं ओळखलं होतं. आणि रविवारी रात्री दमून बसल्यावर त्यानं जयमालाला सहाशे तेरावं नाव टाइप करायला लावलं, तिचंच. शेरा त्यानं सांगितला : "सध्या नको. विचारून लिहिलं आहे."

तो कंप्युटर पुढं सात वर्षं चालला. पुढच्या खोलीत जयमालाच्या क्लासची पोरं बसायची, मधल्या खोलीत कोंडीराम. रोज सकाळी बटण दाबलं की काळ्या पडद्यावर ती पाटी यायची, जोडी ठरलेली नाही. नवा माणूस असला की म्हणायचा, "मामा, काहीतरी बिघाड दाखवतोय."

कोंडीराम चष्मा पुसत म्हणायचा, "बिघाड न्हाई त्यो. त्यांना विचारून ठिवलंय."